कात्रणाची पाठ

भोकातून एक बाई हसत होती. नवव्या पानावरच्या साबणाच्या जाहिरातीतली बाई. सातव्या पानात तळहाताएवढं चौकोनी भोक नसतं तर बहात्तर वर्षांनी तिला असं दुसऱ्याच्या पानात डोकावायचं काही कारण नव्हतं. त्यानं टेबलावरचा दिवा जवळ ओढला. भोक त्याच्या ओळखीचं होतं. मायक्रोफिल्मवर ते नुसता पांढरा चौकोन म्हणून दिसायचं, आणि गेली दोन वर्षं त्या चौकोनाकडे बघत त्यानं न पाहिलेल्या चोराला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. शिव्यांवर भागलं नव्हतं. तो लिहीत असलेल्या चरित्राच्या हस्तलिखितात, पहिल्या प्रकरणात, तळटीपही टाकली होती: 'हा मजकूर कोणा अप्पलपोट्या वाचकाने कापून नेला आहे.' आज, चार महिने अर्ज करून, गोदामातून वर्तमानपत्राचा मूळ बांधीव खंड वर आला होता. त्यानं कडांवरून बोट फिरवलं. चार बाजू सरळ, कोपऱ्यात पातं पुढे गेलेलं नाही, पोलादी पट्टी धरून एका दमात कापलेलं. कापणारा कसबी होता. क्षणभर त्याला त्या चोराचं कौतुकच वाटलं, जसं एखाद्या सुताराला दुसऱ्याच्या घरातल्या दाराचा सांधा बघून वाटतं. मग समासाकडे नजर गेली. तिथं पेन्सिलीनं, फिल्मवर न उमटण्याइतकी पुसट, दोन अक्षरं होती आणि तारीख, एकतीस वर्षांपूर्वीची. अक्षर त्याचं होतं. दुसऱ्या अक्षराची शेपटी खाली ओढायची त्याची खोड अजून गेलेली नव्हती.

चोरी करून वर सही ठेवणारा माणूस जगात एकच असणार, आणि तो आत्ता त्याच्याच खुर्चीत, त्याचाच चष्मा लावून बसला होता.

त्यानं खंड मिटला नाही. मिटायला हवा होता. उजेडात जुना कागद फार वेळ उघडा ठेवायचा नाही, हे त्यानं कात्रण विभागात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला घसा कोरडा करून सांगितलेलं. नियम सगळे जुन्या प्रमुखांचे. प्रमुख जाऊन अठरा वर्षं झाली, पण त्यांचे नियम भिंतीत ओल राहावी तसे विभागात राहिले होते. बांधीव खंडाला पातं लावायचं नाही, सुट्या जादा प्रतीतूनच कापायचं. कापलं की समासात सही आणि तारीख. आणि विभागाची एखादी वस्तू बाहेर कोणाकडे गेली, तर ज्यानं दिली त्यानं वर्षातून एकदा स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून, तिच्या कार्डावर पाहणीची तारीख टाकायची. फोनवर विचारलेलं चालणार नाही. प्रमुख म्हणायचे, "वस्तू बरी आहे असं लोक सांगतात. वस्तू सांगत नाही." त्यानं पहिला नियम मोडला होता, दुसरा इमानेइतबारे पाळला होता, आणि तिसरा? तिसऱ्यासाठी कार्डच केलेलं नव्हतं. एकतीस वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की बायकोला, लग्नाआधी, कापून दिलेला तो फोटो जादा प्रतीतला होता. सांगता सांगता त्याला ती जादा प्रत दिसायलाही लागली होती, तिच्या घडीसकट.

त्याला ऑफिसात डिंक्या म्हणत. तोंडावर नव्हे. एकदा खुर्चीला चिकटला की सुटत नाही म्हणून कोणीतरी ठेवलेलं नाव. पण पहिल्यांदा ते बायकोनं ठेवलं होतं, आणि तिच्या तोंडी ते वेगळं वाजायचं. एकतीस वर्षांपूर्वी ती याच टेबलासमोर उभी होती, हातात छत्री, छत्रीतून पाणी गळतंय आणि ती त्याकडे न बघता विचारतेय की अमुक साली एका शाळेच्या खेळांचा फोटो छापून आला होता म्हणतात, सापडेल का. तिची आई त्यात आहे. आई तिच्या तिसऱ्या वर्षी गेली, आणि नंतर घराला लागलेल्या आगीत आईचा होता नव्हता तो प्रत्येक फोटो गेला; आईचा चेहरा कसा होता हे तिला ठाऊक नाही. हे सगळं तिनं पत्ता सांगावा तसं सांगितलं. त्यानं तीन आठवडे शोधलं. आठव्या पानावर सापडलं: सात मुली, एका रांगेत, डावीकडून तिसरी नऊ वर्षांची, तिचा एक मोजा घसरलेला. तिनं तो कागद पाहिला, आणि मग त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं संध्याकाळी सगळे गेल्यावर पट्टी काढली, पातं काढलं. आठवं पान कापलं म्हणजे सातवंही कापलं, एवढं तर विभागातल्या झाडूवालीलाही कळलं असतं. त्यालाही कळत असणार. पण माणूस कात्रण कापतो तेव्हा त्याला एकच बाजू दिसते. पाठ दिसत असती तर कोणी काही कापलंच नसतं.

लोकांना वाटतं, बॉक्सरचं चरित्र म्हणजे ठोसे. चरित्र म्हणजे तारखा. त्याचा बॉक्सर बेकरीच्या मागच्या खोलीत जन्मला, बाराव्या वर्षी पीठ मळायला लागला, आणि पंधराव्या वर्षी एका गोदामाच्या माळ्यावर नाक मोडलेल्या एका म्हाताऱ्याकडे शिकायला जाऊ लागला. तिथं पिठाच्या पोत्यात वाळू भरून टांगलेली असायची. पोरं म्हणत, हा दिवसभर पोतं उपसतो आणि संध्याकाळी पोत्यालाच मारतो. पुढे पेपरवाल्यांनी त्याला 'पाववाला' केलं. चिडवायला म्हणून केलं, मग तो जिंकतच गेला आणि नाव मोठं झालं. एक्केचाळीस लढती, एकही हार नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी ग्लोव्ह्ज काढून परत बेकरीत गेला आणि ऐंशीला एक कमी असताना वारला. सगळ्या पुस्तकांत त्याच्या लढती मोजल्या आहेत, पण मोजणी दुसऱ्या लढतीपासून सुरू होते. पहिलीचा पत्ता नाही. चरित्रासाठी त्यानं बेकरीचं हजेरीबुक शोधून काढलं, ज्या नातेवाइकाकडे ते होतं त्यानं त्याचा उपयोग कपाटाचा पाय समपातळीत ठेवायला केला होता. त्यात एकोणिसाव्या वर्षीच्या एका तारखेपुढे फुली: गैरहजर. म्हणजे लढत आदल्या संध्याकाळची. म्हणजे बातमी असलीच तर त्या सकाळच्या अंकात. त्या काळी लहान हॉलमधल्या लढती छापणारा एकच पेपर, त्याचा स्वतःचा. आणि त्या अंकाची प्रत जगात एकच, त्याच्या स्वतःच्या गोदामात. या धाग्याच्या टोकाला पांढरा चौकोन लागला तेव्हा तो दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. पण तो तसाही कोणाशी फारसं बोलत नसे, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाववाला त्याच्या आयुष्यात आला तो ती घर सोडून गेल्यानंतर. अकरा वर्षांपूर्वी. एका जुन्या फाइलीतून एक फोटो निसटला: रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला तरुण, तोंड उघडं, हात मांडीवर टाकलेले, आजूबाजूला गर्दीचे धूसर ठिपके आणि त्याच्याजवळ माणूस नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात कोणीतरी पाणी देतं, कोणीतरी मान चोळतं, असं वाचलेलं. याच्याजवळ कोणी नव्हतं. त्यानं तो फोटो घरी नेला. म्हणजे त्याची झेरॉक्स नेली. घरात एका माणसाची चप्पल, एक कप, आंघोळीनंतर एकच ओला टॉवेल. पलंगाच्या तिच्या बाजूच्या भिंतीवर तिच्या फणीचं तेल लागून झालेला एक डाग, तो त्यानं पुसला नाही आणि पुसला नाही हे कोणाला सांगितलंही नाही. रोज संध्याकाळी त्या स्टुलावरच्या पोराशेजारी बसावं तसा तो बसू लागला. भांडण असं झालंच नव्हतं त्यांचं. ती म्हणायची, तू मला दिवस कसा गेला विचारतोस आणि उत्तर ऐकताना तुझी बोटं अशी होतात, पेन्सिल धरल्यासारखी. जाताना तिनं दोन बॅगा नेल्या, भिंतीवरचं ते कात्रण नेलं, आणि दारात थांबून, त्याच्याकडे नव्हे, चपलेच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली होती, "कोणीतरी सांगायला हवं होतं, की लढत संपली आहे." हे वाक्य त्याला कळलं नव्हतं. लढत कसली? अकरा वर्षं ते त्याच्या डोक्यात, दाराच्या फटीत कागद अडकावा तसं, फडफडत राहिलं.

चौकोनाच्या डाव्या कडेला बातमीचा थोडा पट्टा शिल्लक होता. फिल्मवर ती अक्षरं बांधणीच्या सावलीत गेलेली. आज पहिल्यांदा वाचता आली. मथळा शाबूत: 'नवोदितांच्या लढती'. आणि खाली प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द, शेवटच्या ओळीचा एकच, पुढे पोकळी, पोकळीत साबणवाली.

बेकरीतील एक
डाव्या हाताने
दुसऱ्या फेरीच्या
पंचांनी दहा
प्रेक्षक हसले
दिवे

पंचांनी दहा! दहा आकडे मोजले असतील. पण कोणासाठी? पाववाल्यासाठी की समोरच्यासाठी? प्रेक्षक हसले ते कोणाला? त्यानं मनात ओळी पूर्ण करून पाहिल्या. एकदा पाववाला जिंकला. एकदा हरला. एकदा पंचच घसरून पडले. तिन्ही वेळा शब्द बिनतक्रार बसले, आणि शब्द इतके सोशिक असतात याची त्याला शिसारी आली. हातात धरून न पाहिलेली एकही ओळ त्यानं आजवर पुस्तकात घेतली नव्हती. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. पेपर त्याचं पुस्तक छापणार होता, निरोपाच्या समारंभात वाटायला. पहिलं प्रकरण कोरं ठेवून वाटता आलं असतं. कोणी वाचणार होतं थोडंच!

एकच माणूस वाचणार होतं. पाववाल्याची मुलगी, सदुसष्ट वर्षांची, पडदे शिवायची. तो पहिल्यांदा गेला तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि टाचण्यांमधूनच ती बोलली. "बसा भाऊ. त्या ढिगावर नका, तो गिऱ्हाइकाचा आहे." मग कापडावरची नजर न काढता सांगत गेली. "शेवटच्या महिन्यात बाबांचं एकच चाललेलं. पहिली मी हरलो होतो. पहिली मी हरलो होतो. मी आपली म्हणायचे, नाही हो बाबा, तुम्ही कधीच हरला नाहीत, सगळ्या पुस्तकांत आहे तसं. झोपा बघू. मायेनंच म्हणायचे हो. भ्रम झाला असेल असं डॉक्टरपण म्हणाले. मग एके दिवशी ते गप्प बसले. बसलेच. शेवटचे नऊ दिवस माझ्याशी शब्द नाही, नुसते बघायचे." तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. "जिंकले असतील तर माझं बरोबर होतं. हरले असतील, तर भाऊ, तो माणूस मला काहीतरी सांगत होता आणि मी त्याचं तोंड दाबलं. काय ते मला कळलं पाहिजे. चांगलं-वाईट नको, काय ते." त्यानं शब्द दिला होता. तो सहसा देत नसे.

रविवारी सकाळी तो सोडून गेलेल्या बायकोच्या दाराशी उभा राहिला. पत्ता त्याला पाठ होता. अकरा वर्षांत कधी कागदावर लिहिला मात्र नव्हता. तिसरा मजला, जिन्यात कोणाच्या तरी कुंडीतली माती सांडलेली. त्यानं बेल दाबली, आणि मग आपण शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि कोरं कार्ड घेऊन आलोय हे त्याला आठवलं. सवयीनं घेतलं होतं.

दार उघडलं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोण गेलं?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"हो."

"मग ये. मला वाटलं, डिंक्या स्वतःहून आला म्हणजे तिरडीच बांधलेली असणार कुठेतरी."

ती जाड झाली होती थोडी. केस आखूड कापलेले. चष्म्याच्या दुकानातली नोकरी तिनं सोडली नव्हती. खिडकीशी टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर दोन फ्रेमा उघडून पडलेल्या, शेजारी सुईएवढा स्क्रू-ड्रायव्हर. भिंतीवर सात मुली. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात टाळावं तसं. पुठ्ठा त्याचाच. जाड, आम्लरहित, विभागातला उत्तम. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा. कागद तिच्या पर्समध्ये झिजत चालला म्हणून त्यानं स्वतः खळ शिजवून, त्यात डिंक घालून, एका रविवारी तो चिकटवला होता, आणि कॉलर ताठ करून म्हणाला होता, शंभर वर्षं हलणार नाही.

त्यानं सांगितलं. भोक, बेकरी, मुलगी, टाचण्या. सांगताना कोण आधी कोण नंतर याचा घोळ झाला, जो त्याचा कधी होत नसे. सहीपाशी आल्यावर ती हसली. मग आणखी हसली, टेबलाचा आधार घेऊन.

"सही केलीस? चोरीवर?"

"नियम होता."

"अरे देवा! माझ्यासाठी एवढं एक धाडस केलं या माणसानं जन्मात, आणि त्याचीही पावती ठेवली." तिनं डोळे पुसले. "आणि तळटीपेत अप्पलपोट्या कोणाला म्हणालास? स्वतःला?"

"मला माहीत नव्हतं."

"ते दिसतंच आहे." तिचं हसू हळूहळू मावळलं. भिंतीकडे जाऊन तिनं पुठ्ठा खिळ्यावरून काढला, फुंकर मारली, त्याच्यासमोर ठेवला. "मग आता? पाठ बघायची तर काय करावं लागेल?"

"भिजवावं लागेल. कोमट पाण्यात. खळ सुटेल कदाचित. डिंक..." तो थांबला. बहात्तर वर्षांचा वर्तमानपत्री कागद पाण्यात किती टिकतो हे त्याला ठाऊक होतं. दुधावरची साय उचलण्यासारखं होतं ते. पाठ वाचण्याइतकी हाती आली असती. पुढची बाजू मात्र पुठ्ठ्यावर, पाण्यात, बोटांवर, कुठेही गेली असती.

ती आत गेली. नळाचा आवाज आला. एका पसरट भांड्यात पाणी घेऊन आली आणि त्याच्या उजव्या हाताशी ठेवलं. पाण्यातून वाफ येत होती, फार नाही.

"मोबाइलवर फोटो आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "तो मोठा करून बघते मी हल्ली, यात दिसत नाही नीट. भिजव. त्या बाईचा बाप आहे. तिला निदान बापाचं काहीतरी कळायचं राहिलंय."

हे ती सहज म्हणाली, आणि त्यातलं न म्हटलेलं त्याला ऐकू आलं. त्यानं पुठ्ठा उचलला. डावीकडून तिसरी, मोजा घसरलेला. तिच्या गालावर छपाईचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांवर एका जागी कागद किंचित गुळगुळीत झालेला, बोट लागून लागून. मोबाइलला हे येणार नव्हतं. त्यानं पुठ्ठ्याचा कोपरा पाण्यापर्यंत नेला. हाताला ऊब लागली. पाववाल्याची मुलगी टाचण्या खोचत होती. पंच दहा म्हणत होते. तो कोपरा पाण्यावर एका बोटाच्या अंतरावर तसाच राहिला, किती वेळ, त्याला सांगता आलं नसतं. मग त्यानं पुठ्ठा टेबलावर ठेवला, भांड्यापासून लांब, पार पलीकडे.

"नको."

"का?"

"नाही जमायचं."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुझा चष्मा वाकडा बसलाय. डावा कान वर आहे की काय तुझा? दे इकडे." त्यानं चष्मा काढून दिला. खोली विरघळली. खिडकी म्हणजे एक उजळ डाग, ती म्हणजे त्यासमोरचा निळसर ढीग, आणि त्या ढिगातून बारीक स्क्रू फिरल्याचा आवाज.

"तू पाठ कधी वाचलीच नाहीस?" ढीग म्हणाला.

"नाही."

"मला आश्चर्य वाटतं. तू मला दिलास तेव्हा तो सुटा कागद होता. तू तो पुठ्ठ्यावर डकवेपर्यंत वर्ष-दीड वर्ष माझ्या पर्समध्ये होता. बसमध्ये काढायची. आईकडे बघून झालं की उलटा करायची, मग पुन्हा आई. किती वेळ बघणार एका चेहऱ्याकडे? रडू यायला लागलं की उलटा करायचा. पाठ झालं होतं मला."

त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"बेकरीतला एक पोरगा होता," ती म्हणाली. आवाज स्क्रूकडे लागलेला, सावकाश. "डाव्या हातानं मारायचा, म्हणून समोरच्याला आधी कळेना. दुसऱ्या फेरीच्या शेवटी त्याला लागला एक. हनुवटीवर. पंचांनी दहा आकडे मोजले, संपलं. आणि दहा झाल्यावर हा उठला. उठून पंचांसमोरच हात वर करून उभा राहिला, चला म्हणून. प्रेक्षक हसले. समोरचा कधीच खाली उतरून गेलेला. मग दिवे मालवायला लागले एकेक, तरी तो तिथंच, हात वर. आणि शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. त्या बातमीदारानं काय बघितलं असेल त्या पोरात कोण जाणे." स्क्रूचा आवाज थांबला. "त्याला कोणीतरी सांगायला हवे होते, की लढत संपली आहे."

दाराच्या फटीतला कागद अकरा वर्षांनी खाली पडला. त्यानं समोरच्या निळसर ढिगाकडे पाहिलं. बोलण्यासाठी समोर काहीतरी दिसावं लागतं.

"जाताना तू हे म्हणालीस," अखेर तो म्हणाला. "दारात."

"म्हणाले असेन."

"म्हणालीस. मला वाटलं, मला म्हणालीस."

"तुला?" स्क्रू पुन्हा फिरला. "नाही रे. मी मला म्हणत होते. एक वर्ष आधीच संपलेलं, आणि मी आपली दिवे गेलेल्या घरात हात वर करून उभी."

तिनं चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, दोन्ही कानांमागे बोटांनी दाबून बसवला, जशी ती रोज शंभर अनोळखी लोकांना बसवत असणार. खोली परत आली. ती अगदी जवळ होती आणि त्याच्याकडे नव्हे, फ्रेमकडे बघत होती, सरळ झाली का.

"पण तुझ्या पुस्तकात हे कसं चालेल? कागद दिसला नाही तर तू काही लिहीत नाहीस."

"चालेल."

"माझी आठवण चुकीची असली तर?"

तो म्हणू शकला असता की वाक्य अकरा वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा त्याला पाववाला ठाऊकही नव्हता, म्हणजे पुरावा पक्का. की कडेला उरलेले सगळे शब्द ओळीनं जागेवर बसले. हे खरं होतं. पण तो म्हणाला, "असू दे."

तिच्या भुवया वर गेल्या. मग म्हणाली, "त्या बाईला आत्ता कळव. रविवार आहे, असेल घरी."

तिच्याच फोनवरून लावला. पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं. "हरले होते, ताई," तो म्हणाला. "दुसऱ्या फेरीत." पलीकडे कात्री ठेवल्याचा आवाज आला. मग: "उभे होते का?" या प्रश्नाला तो तयार नव्हता. "उभे होते," तो म्हणाला. "लढत संपली, दिवे गेले, तरी उतरले नाहीत." मग अगदी घरातल्या आवाजात, त्याच्याशी नव्हेच जणू, "बरोबर आहे बाबा तुमचं. मी ऐकलं." फोन मुलीनं बंद केला नाही; बाजूला ठेवून ती मशीनवर बसली असावी, कारण थोड्या वेळानं टाके पडल्याचा आवाज येऊ लागला, सलग, लांब शिवणीचा. तो ते ऐकत उभा राहिला. शेवटी यानंच फोन बंद केला.

आता निघायला हवं होतं. भांड्यातलं पाणी निवलं होतं. त्यानं पुठ्ठा परत खिळ्याला लावला, जरा मागे सरून सरळ आहे की नाही पाहिलं, आणि खिशातलं कोरं कार्ड काढलं. ती बघत होती. त्यानं लिहिलं: वस्तू, एक छायाचित्र, पान आठ. पाठीवर बातमी, पान सात. स्थिती, उत्तम. पत्ता. पत्ता त्यानं सावकाश लिहिला, मजल्यासकट.

"हे काय?"

"विभागाची वस्तू बाहेर आहे. कार्ड हवं. धारक म्हणून इथं तुझी सही."

"एकतीस वर्षांनी?"

"राहून गेलं होतं."

तिनं पेन्सिल घेतली आणि सही केली. कोणत्या आडनावानं करते हे तो बघणार नव्हता. त्यानं पाहिलं, आणि मग खालच्या रकान्याकडे बोट दाखवलं. "पाहणी. वर्षातून एकदा. ज्यानं दिली त्यानं स्वतः यायचं असतं."

"तू तर चार महिन्यांनी सुटतोस तिथून."

"हो."

"मग कोण येणार? कोणीतरी नवीन माणूस, चपला घालून आत येणार, भिंतीकडे बघणार?"

"ज्यानं दिली त्यानं," तो म्हणाला. "निवृत्तीचं नियमात काही नाही."

"आणि वर्षातून एकदाच, असंही आहे का नियमात?"

त्यानं आठवलं. प्रमुखांचे शब्द त्याला जसेच्या तसे आठवत. "निदान एकदा, असं आहे."

ती भांडं उचलून आत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग भांडं पालथं घातल्याचा. तो टेबलाशी वाकला. पहिली पाहणी आजचीच टाकायची, वस्तू पाहिली आहे, हात लावून पाहिली आहे. पेन्सिल रकान्यावर टेकली आणि तिथंच थांबली. बहात्तर वर्षांपूर्वीची ती सकाळ त्याला ठाऊक होती, वारासकट. पाववाल्याच्या एक्केचाळीस तारखा ठाऊक होत्या. ती छत्री घेऊन आली तो दिवस, ती दोन बॅगा घेऊन गेली तो दिवस. त्यानं भिंतीवर कॅलेंडर शोधलं. नव्हतं.

"अगं," तो आतल्या दाराकडे बघून म्हणाला, आणि इतक्या वर्षांत न वापरलेला तो शब्द त्याच्याच कानाला अनोळखी लागला. "आज तारीख काय?"

आत नळ बंद झाला. ती हात पुसत दारात आली, त्याच्याकडे, त्याच्या वाकलेल्या पाठीकडे, थांबलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि हळूहळू, एकेक आकडा सुटा करत, लहान मुलाला सांगावं तशी तिनं तारीख सांगितली. त्यानं लिहून घेतली.